मुलं जगावीत म्हणून

मे महिन्याचा दुसरा रविवार आला की शाहूवाडी-मलकापूरकडच्या पोरांच्या स्टेटसवर आईचे फोटो झळकतात. मग कुणीतरी जाणता टोकतोच, "आपला मातृदिन श्रावणातला. हे साहेबाचं खूळ." हा वाद दरवर्षीचा. मात्र दोन्ही दिवसांची मुळं खणत गेलं की खाली एकच गोष्ट लागते : पोटची पोरं दगावण्याचं भय.

आपला मातृदिन म्हणजे श्रावण अमावास्या, पिठोरी. कोल्हापूरकडं बैलांचा बेंदूर आधीच होऊन गेलेला असतो, त्यामुळं मराठवाडा-विदर्भासारखी पोळ्याची धामधूम या दिवशी इकडं नसते. पिठोरीची कहाणी मोठी करुण आहे. एका घरी दरवर्षी याच अमावास्येला श्राद्ध असायचं आणि नेमक्या त्याच दिवशी सून बाळंत होऊन मूल दगावायचं. सहा वर्षं असं झालं. सातव्या वर्षी सासऱ्यानं मेलेलं मूल तिच्या ओटीत घातलं आणि तिला रानात हाकललं. दोष तिचा काहीच नव्हता, शिक्षा मात्र तिलाच! रात्री चौसष्ट योगिनी पूजेला आल्या, नैवेद्य दाखवून त्यांनी विचारलं, "अतिथ कोण?" ही पुढं होऊन म्हणाली, "मी." तिची सातही मुलं जिवंत झाली.

म्हणून पिठोरीला आई उपास धरते, योगिनींची पूजा करते. मग खीरपुरीचं वाण डोक्यावर धरून, मागं वळून न बघता विचारते, "अतिथ कोण?" मागून पोर "मी" म्हणतं आणि वाण घेतं. मूल हयात आहे, हाक मारली की ओ देतं, एवढंच तिला ऐकायचं असतं. श्रावणी शुक्रवारी जिवतीपुढं औक्षण होतं, तेव्हा परगावच्या लेकरांसाठी चारी दिशांना अक्षता टाकतात, त्यामागंही हीच काळजी.

बाळाची पाचवी बघा. पाटा-वरवंटा पूजायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा तेवता ठेवून जागायचं. सटवाई येऊन नशीब लिहिणार. नेमकी पाचवीच का? माझा तर्क असा : बाळाची नाळ पूर्वी विळ्यानं नाहीतर हाताला येईल त्या पात्यानं कापत. त्यातून धनुर्वात झाला, तर अंगावर दूध ओढणारं मूल आठवड्याच्या आतबाहेर तोंड मिटून घेई आणि आखडत जाई. सटवाईच्या माथी मारलेली कित्येक मरणं त्या विळ्याची असणार. गरोदरपणातली लस आणि निर्जंतुक पातं यांनी हे जवळपास थांबलं; नवजात बालकांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं भारताच्या बाबतीत 2015 साली मान्य केलं.

आता साहेबाचं खूळ. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात अ‍ॅन रीव्हज जार्विस या बाईंना डझनभर मुलं झाली, हाताशी लागली जेमतेम चार. रडत न बसता त्यांनी 1858 साली आयांची मंडळं उभी केली : दूध तपासायचं, घरोघरी स्वच्छता शिकवायची, गरिबांना औषधं मिळवून द्यायची. 1905 साली त्या वारल्या. त्यांची लेक अ‍ॅना हिनं 10 मे 1908 रोजी ग्राफ्टन गावच्या चर्चमध्ये आईच्या आठवणीसाठी 500 पांढरी फुलं पाठवली आणि सरकारच्या मागं लागून 1914 साली हा दिवस राष्ट्रीय करून घेतला. पुढं फुलवाले आणि मिठाईवाले त्यावर तुटून पडले. तेव्हा हीच अ‍ॅना त्यांच्याविरुद्ध भांडत राहिली आणि 1948 साली कफल्लक अवस्थेत गेली. दूध तपासणारी तिची आई शुभेच्छापत्रांखाली गडप झाली ती झालीच.

इतर देशांच्या तऱ्हा वेगळ्या. नेपाळात तिथल्या पंचांगातल्या वैशाख अमावास्येला आईचं मुख पाहायला जातात. आई नसेल तर मातातीर्थाच्या कुंडावर स्नान करतात. ब्रिटनमध्ये ईस्टरपूर्वीच्या उपासकाळातल्या चौथ्या रविवारी घरकामाच्या पोरींना आईकडं जायला सुट्टी मिळे.

आपल्याकडं आणखी एक दिवस आहे, त्याचे फोटो कुणी टाकत नाही. कस्तुरबांची जयंती, 11 एप्रिल, हा 2003 पासून राष्ट्रीय सुरक्षित मातृत्व दिन आहे. शाहूवाडीसारख्या घाटमाथ्याच्या, धो-धो पावसाच्या तालुक्याला पिठोरी, मेमधला रविवार आणि हा, या तिन्हींत हाच जास्त कामाचा. ग्रामपंचायतींनी त्या दिवशी गावातल्या बायांना बोलवावं. उपकेंद्रात बाळंतपणाची सोय आहे का, जुलैत रात्री कळा सुरू झाल्या तर वाडीपर्यंत गाडी येते का, हे त्यांच्यासमोर विचारावं आणि मिळालेलं उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं.