पहिली गोळी कोणाची?

१९ एप्रिल १७७५ची पहाट. मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्झिंग्टन गावच्या माळावर सत्तर-पंच्याहत्तर गावकरी बंदुका घेऊन उभे होते. काँकर्डचा दारूगोळा जप्त करायला बॉस्टनहून निघालेली ब्रिटिश फौज समोर आली आणि कुठूनतरी एक बार उडाला. चकमक थांबली तेव्हा आठ गावकऱ्यांचा बळी गेला होता. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध इथून सुरू झालं. पहिली गोळी कोणी झाडली, हे मात्र आजवर ठरलेलं नाही. इतिहास शिकवणाऱ्याला याहून चांगला धडा कुठे मिळणार?

अमेरिकी हायस्कुलांत देशाचा इतिहास साधारणपणे अकरावीला येतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग यांच्या गटाने त्यासाठी तयार केलेले पाठ शिक्षकांना फुकट मिळतात. लेक्झिंग्टनच्या तासाला मुलांच्या हाती दोन कागद पडतात. पहिला लेफ्टनंट जॉन बार्कर या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या रोजनिशीतला: गावकऱ्यांनी आधी एक-दोन गोळ्या झाडल्या, मग आपले शिपाई हुकमाची वाट न पाहता तुटून पडले. दुसरं ३४ गावकऱ्यांचं शपथपत्र: आम्ही पाठ फिरवून निघालो होतो, तेव्हा ब्रिटिशांनी गोळीबार केला.

आता खोटं कोण बोलतंय? रोजनिशी त्याच दिवसाची आणि खासगी, म्हणून मुलं आधी बार्करच्या बाजूने झुकू शकतात. शिवाय आपल्याच शिपायांची बेशिस्त तो कबूल करतो. पण माळावर दोन-तीनशे माणसं होती असं तो लिहितो, ते कसं? शपथपत्र सहा दिवसांनी, २५ एप्रिलला झालं. अशी शपथपत्रं ब्रिटिश सेनापतीच्या अहवालाआधी लंडनला पोचावीत म्हणून खास जहाज धाडलं गेलं, हे कळलं की शपथेचंही वजन थोडं हलकं होतं. निकाल लागत नाहीच. पण कागद कोणी, कधी, कोणासाठी लिहिला, हे विचारायची सवय लागते.

ती आपोआप लागत नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाइनबर्ग यांनी याच चकमकीची कागदपत्रं आठ इतिहासकार आणि आठ विद्यार्थ्यांपुढे ठेवली होती. त्यात पाठ्यपुस्तकातला एक उताराही होता. मुलांनी सर्वाधिक भरवसा त्या उताऱ्यावर टाकला. इतिहासकारांनी त्याला तळाला बसवलं.

पाठ्यपुस्तकाबद्दल एवढा संशय का? आपल्या बालभारतीसारखं साऱ्या राज्याला एकच पुस्तक, असा प्रकार तिथे नाही. अभ्यासक्रम राज्यागणिक बदलतो, आणि टेक्सास-कॅलिफोर्नियासारखी मोठी गिऱ्हाईकं सांभाळायला खासगी प्रकाशक एकाच पुस्तकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या काढतात. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०२०मध्ये अशा आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या. कॅलिफोर्नियाच्या एका पुस्तकात शस्त्र बाळगण्याच्या हक्कासोबत, न्यायालयांनी त्यावर काही निर्बंध मान्य केले आहेत, अशी टीप होती. टेक्सासच्या आवृत्तीत ती जागा कोरी.

शब्दांवरूनही रणं माजतात. २०१५मध्ये टेक्सासातल्या एका नववीच्या मुलाने भूगोलाच्या पुस्तकातली नकाशाखालची ओळ आईला दाखवली. आफ्रिकेतून मळ्यांवर आणलेल्या लाखो गुलामांना तिथे चक्क 'कामगार' म्हटलं होतं! आईने बोभाटा केला, प्रकाशकाला मजकूर बदलावा लागला. जोतीराव फुले यांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं ते गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. त्यांनी ती ओळ वाचली असती तर काय सुनावलं असतं, याची कल्पना मराठी वाचकाने करावी.

कागदपत्रांच्या या शिकवणीची खरी अडचण घड्याळाची आहे. कॉलेजच्या तोडीचा 'एपी' अभ्यासक्रम घेणाऱ्यांना मे महिन्यात परीक्षा असते. तिच्यातला एक प्रश्न सात कागदपत्रांवर बेतलेला असतो आणि वाचून उत्तर लिहायला तास मिळतो. म्हणजे सराव हवाच. पण अभ्यासक्रम १४९१पासून सुरू होतो (कोलंबसच्या एक वर्ष आधीपासून, मुद्दामच) आणि आजपर्यंत येतो. पाचशेहून अधिक वर्षं आणि हाती जेमतेम नऊ महिने. लेक्झिंग्टनसाठी अख्खा तास खर्ची घालणाऱ्या शिक्षकाला मग व्हिएतनाम युद्ध दोन दिवसांत उरकावं लागतं.