हळू बोल गं!

राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरलं की भोंग्यावरची घोषणा गावभर ऐकू येते. मी मात्र ‘मुलीनं हळू बोलावं’ हे ऐकतच मोठी झाले. रेडिओवर पहिल्यांदा थेट निवेदनाला बसले, तेव्हा हेच नडलं. हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज मोठा ऐकून दचकले आणि नकळत हळू बोलू लागले. श्रोत्यांना काही ऐकूच जाईना! वरिष्ठ ताई म्हणाल्या, ‘‘अगं, आवाज नको, हेडफोनचं बटण कमी कर.’’

ते बटण फक्त आपल्या कानांपुरतं. माईक उघडला की स्टुडिओतला स्पीकर बंद ठेवतात, नाहीतर शिट्टी वाजते, म्हणून हेडफोन. तो फार मोठा असला की आपण पुटपुटतो, फार लहान असला की ओरडतो. माईक तोंडापासून वीतभर लांब, जरा तिरका धरावा. ‘प’, ‘भ’ फुटत नाहीत. पातळी ठरवताना ‘हॅलो, हॅलो’ नको. वाचायचं तेच नेहमीच्या आवाजात वाचावं, मीटर लाल पट्टीत जाऊ न देता.

मैत्रिणींनो, बचत गटाच्या मेळाव्यात माईक हाती आला, तर आधी त्याला तुमच्या आवाजाशी जुळवून घ्यायला लावा. तुम्ही आवाज दाबू नका!