रिबूटनंतर काय उरतं?

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की नागपुरात दुपारी कधी ना कधी लाइन जाते. कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रं जवळ आहेत, म्हणून गल्लीतल्या डीपीला ऊन लागायचं थांबत नाही. समजा, अशाच एका दुपारी रामदासपेठेतल्या एखाद्या पॅथॉलॉजी लॅबचा इन्व्हर्टर दमला आणि सर्व्हर बंद पडला. अर्ध्या तासाने लाइन आली, सर्व्हर आपसूक उठला, हिरवा दिवाही लागला. पण रिपोर्ट काही उघडेनात. गेल्या महिन्यात ज्या पोराने त्यावर लिनक्स बसवून दिलं होतं, त्याला फोन गेला. तो म्हणाला, "मी तर चालू करूनच गेलो होतो ना जी!"

तो खोटं बोलत नाही. त्याने रिपोर्ट दाखवणारी सेवा खरोखरच चालू केली होती. मशीन पुन्हा उठल्यावर ती आपोआप चालू व्हावी, हे मात्र त्याने कुठे नोंदवलं नव्हतं. लिनक्समध्ये 'सिस्टमसीटीएल स्टार्ट' आणि 'सिस्टमसीटीएल इनेबल' असे दोन वेगळे आदेश आहेत. पहिला आत्तापुरता, दुसरा पुढच्या प्रत्येक सुरुवातीसाठी. सिस्टीम ॲडमिनची निम्मी विद्या या दोन आदेशांमधल्या फरकात आहे, असं माझं मत आहे. या विद्येची परीक्षा घेणाऱ्यांनाही तसंच वाटत असावं.

रेड हॅट कंपनीची 'आरएचसीएसए' ही परीक्षा लिनक्स प्रशासकाच्या प्रमाणपत्रांतली बहुधा सर्वांत ओळखीची. तिच्यात 'योग्य पर्याय निवडा' छापाचा एकही प्रश्न नसतो. समोर चालत्या मशीन असतात आणि कामांची यादी असते: वापरकर्ते तयार करा, डिस्कची वाटणी करा, नेटवर्क लावा, फायरवॉलमध्ये वाट काढा. वेळ तीन तास, ३०० पैकी २१० गुणांना उत्तीर्ण. इंटरनेट बंद, पण मशीनमध्येच साठवलेली 'मॅन' पानं, म्हणजे आदेशांची माहितीपत्रकं, हवी तेवढी वाचा. तुम्ही कोणत्या वाटेने गेलात याच्याशी परीक्षकाला देणंघेणं नाही, तपासला जातो तो शेवटचा परिणाम. अभ्यासक्रमात एक अट स्पष्ट लिहिलेली आहे: केलेली प्रत्येक मांडणी रिबूटनंतर, कोणी हात न लावता, टिकली पाहिजे. वर्षभर वाचलेलं सगळं अचूक करूनही माणूस इथे नापास होऊ शकतो.

असं का होतं, हे समजायला मशीनच्या आत डोकवावं लागतं. चालू असलेल्या लिनक्सच्या दोन अवस्था एकाच वेळी नांदत असतात. एक मेमरीतली. तिथे कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, आपलं सगळं आत्ताचं ज्ञान धरून बसलेला असतो: कोणता आयपी पत्ता, कोणती डिस्क कुठे जोडलेली, कोणतं दार उघडं. दुसरी अवस्था डिस्कवरच्या साध्या मजकुराच्या फाइलींमधली, मुख्यतः 'ईटीसी' या फोल्डरातली. वीज गेली की पहिली क्षणात पुसली जाते आणि पुढच्या वेळी मशीन उठताना दुसरीवरून सगळं पुन्हा उभं केलं जातं. 'आयपी' आदेशाने दिलेला पत्ता पहिल्या अवस्थेत जातो, 'एनएमसीएलआय'ने जोडणीत लिहिलेला दुसऱ्या. 'माउंट' केलेली डिस्क पहिल्या, 'एफएसटॅब'मध्ये नोंदवलेली दुसऱ्या. फायरवॉलचा नियम साधा दिला तर पहिल्या, 'परमनंट' जोडून दिला तर दुसऱ्या. नवख्याला हे शेकडो सुटे आदेश वाटतात आणि तो पाठांतराला बसतो. प्रत्येक आदेशाला एकच प्रश्न विचारायचा, तू कुठे लिहितोस? मग पाठ करण्यासारखं फार थोडं उरतं.

गंमत म्हणजे 'प्रोक' नावाच्या फोल्डरात फाइली दिसतात, उघडतात, काहींमध्ये लिहिताही येतं, पण डिस्कवर त्यांचा मागमूस नसतो. आपण वाचायला गेलो की कर्नल त्या क्षणी त्यांतला मजकूर तयार करून देतो. सगळं काही फाइलच्या रूपात दाखवायचं, ही युनिक्सची जुनी रीत. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये युनिक्स सुरू केलं. त्याच वळणाचा कर्नल आपण स्वतः लिहावा म्हणून हेलसिंकी विद्यापीठातला २१ वर्षांचा लिनस टॉरवाल्ड्स १९९१ मध्ये खटपटीला लागला. रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पाने बाकीची अवजारं आधीच तयार ठेवली होती. १९९२ मध्ये लिनक्सने ग्नूचा परवाना घेतला, तेव्हापासून ते कोणीही वापरावं, उघडून पाहावं, बदलावं, असं झालं.

त्याच १९९१ साली पुण्यात सी-डॅकने 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. त्या चमूचे प्रमुख विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. अभियांत्रिकीची पदवी त्यांनी १९६५ मध्ये नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयातून घेतली, जे आज व्हीएनआयटी म्हणून ओळखलं जातं. हेलसिंकीतल्या पोराच्या घरच्या संगणकाचा आणि पुण्यातल्या त्या यंत्राचा तेव्हा काही संबंध नव्हता. आज आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीत लिनक्सखेरीज दुसरं काही उरलेलं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतला, २०२४ मध्ये सुरू झालेला 'अर्क'ही त्यातलाच.

पुन्हा विजेकडे येऊ, कारण तिथे आणखी एक खोच आहे. आपण फाइल 'सेव्ह' केली म्हणजे ती डिस्कवर गेली, असं नसतं. डिस्क मेमरीच्या मानाने फार संथ. म्हणून लिनक्स लिहिण्याचं काम मेमरीतच जमवून ठेवतं आणि सवडीने, नेहमीच्या मांडणीत साधारण ३० सेकंदांच्या आत, डिस्ककडे पाठवू लागतं. नेमकी त्या मधल्या वेळात लाइन गेली तर? नवी फाइल गायब किंवा शून्य बाइटची. हे स्वतः करून पाहण्यासारखं आहे. आभासी मशीनमध्ये एक फाइल लिहा आणि लगेच मशीनची वीज तोडण्याचं बटण दाबा. मग तेच पुन्हा करा, फक्त बटण दाबण्याआधी 'सिंक' हा चार इंग्रजी अक्षरांचा आदेश द्या. दुसऱ्या वेळी फाइल जागेवर सापडते.

फाइल जाणं परवडतं. फाइलींचा हिशेबच विस्कटला तर अख्खी डिस्क वाचता येत नाही. एक फाइल हलवायची तरी डिस्कवर तीन-चार ठिकाणी बदल करावे लागतात, आणि त्यांतले दोनच झाल्यावर वीज गेली तर बाकीच्यांचा मेळ बसत नाही. पूर्वी अशा वेळी मशीन उठताना अख्खी डिस्क कोपरान् कोपरा तपासत बसायची. मोठ्या डिस्कवर त्यात तास जात. यावरचा उपाय नागपूरच्या इतवारीतल्या कुठल्याही जुन्या पेढीवरच्या मुनीमाला नवा वाटणार नाही. आधी व्यवहार कीर्दीत टिपायचा, मग सवडीने खतावणीत मांडायचा. मध्येच दिवा गेला तर कीर्द उघडून अर्धवट राहिलेलं पुरं करायचं. फाइल सिस्टीममधल्या कीर्दीला जर्नल म्हणतात. जर्नल असलेली 'ईएक्सटी३' ही फाइल सिस्टीम २००१ मध्ये लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आली. आजच्या 'ईएक्सटी४' आणि 'एक्सएफएस'मध्ये जर्नल असतेच, त्यामुळे मशीन काही सेकंदांत सावरते. फक्त एक ध्यानात ठेवायचं: या कीर्दीत नोंद असते ती मुख्यतः हिशेबाची. तुमच्या फाइलीतला शेवटचा परिच्छेद वाचेलच, अशी हमी ती देत नाही.

आता मशीन उठते कशी ते पाहू. आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं. ते 'ग्रब' या बूटलोडरला बोलावतं, ग्रब कर्नल आणि एक छोटी तात्पुरती फाइल सिस्टीम मेमरीत आणतो, तिच्या मदतीने कर्नल खरी डिस्क शोधतो आणि शेवटी क्रमांक १ ची प्रक्रिया सुरू करतो. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्समध्ये २०१४ पासून ही प्रक्रिया म्हणजे 'सिस्टमडी'. 'इनेबल' केलेल्या सेवा चालू करणं हे तिचं काम. 'एफएसटॅब'मध्ये लिहिलेल्या डिस्क जोडून घेणंही तिच्याकडेच. इथेच परीक्षार्थींची सर्वांत महागडी चूक होते. त्या फाइलीत एक ओळ चुकली की सिस्टमडी डिस्कची वाट पाहते, कंटाळते आणि मशीनला आणीबाणीच्या अवस्थेत सोडून देते. दुसरी चूक डिस्क नावाने नोंदवण्याची. 'एसडीए', 'एसडीबी' ही नावं मशीन उठताना ज्या क्रमाने डिस्क सापडतील त्या क्रमाने मिळतात. उद्या क्रम बदलू शकतो. म्हणून नोंद यूयूआयडी या ओळखक्रमांकाने करायची. तो फाइल सिस्टीमवरच कोरलेला असतो आणि क्रम बदलला तरी बदलत नाही. ओळ लिहिली की रिबूट करण्याआधी 'माउंट' आदेशाला 'ए'चा पर्याय देऊन ती तपासून घ्यायची. दहा सेकंदांचं काम आहे.

उठण्याच्या या साखळीत ग्रबपाशी मध्येच थांबवून, पासवर्ड माहीत नसताना मशीनचा ताबा घेणं, हेही अभ्यासक्रमात आहे. पहिल्यांदा जमतं तेव्हा मजा वाटते. मग लक्षात येतं की ज्याचा हात कीबोर्डपर्यंत पोचतो, तो मशीनचा मालक होऊ शकतो. सर्व्हरच्या खोलीला कुलूप का हवं, ते तेव्हा कळतं. नवा पासवर्ड दिल्यावर 'एसईलिनक्स'ची लेबलं पुन्हा लावायला सांगायचं विसरलात, तर बरोबर पासवर्ड देऊनही आत जाता येत नाही. ही सुरक्षा यंत्रणा मुळात अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने तयार केली आणि २००० मध्ये खुली केली. बरेच जण वैतागून ती बंदच करून टाकतात. तसं करू नये. परीक्षेत तर नाहीच.

सराव कशावर करायचा? घरात पडलेल्या मशीनवर. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ने नाकारलेले कितीतरी चांगले संगणक सध्या कपाटावर चढलेत. आठ जीबी मेमरी असेल तर दोन आभासी मशीन आरामात चालतात. प्रत्येकीला दोन जीबी मेमरी द्या आणि दोन-तीन छोट्या रिकाम्या डिस्क जोडा. आधी स्नॅपशॉट घ्या, मग बिनधास्त मोडा. रेड हॅट एकेका व्यक्तीला १६ मशीनपर्यंत मोफत वापर देतं. नाहीतर त्याच वळणाची रॉकी किंवा अल्मा लिनक्स आहेत. एक अडचण मात्र आधीच पाहून घ्या. मे २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट १० ला प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ सूचना लागतात. इंटेलमध्ये त्या २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून आल्या, आणि स्वस्तातल्या सेलेरॉन-पेन्टियममध्ये त्यानंतरही बरीच वर्षं नव्हत्या. 'एलएससीपीयू' आदेश दिला की कळतं. नसतील तर अल्मा १० ची जुन्या प्रोसेसरांसाठीची वेगळी आवृत्ती घ्या.

इंग्रजीचा धसका असलेल्यांसाठी आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्प आहे. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात लिनक्सचे छोटे छोटे पाठ मराठी आवाजात मोफत मिळतात. अर्ध्या पडद्यावर पाठ, अर्ध्यावर आपलं टर्मिनल, अशी त्यांची रीत आहे. परीक्षेची तयारी एवढ्यावर होणार नाही, पण टर्मिनलची भीती जायला हे पुरेसं आहे. पुढे 'मॅन' पानं इंग्रजीतच वाचावी लागतात. ती रुक्ष असतात. शेवटी दिलेली उदाहरणं आधी वाचली तर लवकर उलगडतात.

दुसरी वाट 'एलपीआयसी-१' या प्रमाणपत्राची. दोन पेपर, प्रत्येकी ६० प्रश्न, ९० मिनिटं, आणि डेबियन व रेड हॅट या दोन्ही घराण्यांची ओळख. तिची मुदत पाच वर्षं, आरएचसीएसएची तीन. वाचनाला शिस्त लागावी म्हणून एलपीआयसीचा अभ्यासक्रम उत्तम आहे. पण नागपूरच्या मिहानमध्ये किंवा पुण्यात मुलाखतीला बसायचं असेल आणि शुल्क एकाच परीक्षेचं परवडत असेल, तर मी हाताने करायची परीक्षा निवडेन. फुटलेल्या प्रश्नांचे 'डंप' विकणारे दोन्हीकडे भेटतात. त्यांतली उत्तरं घोकून गेलेला मुलगा आणीबाणीच्या अवस्थेतल्या काळ्या पडद्यासमोर काय करेल, ते सांगायला नको.

आरएचसीएसए घरी बसूनही देता येते. त्यासाठी रेड हॅट देतं ती प्रतिमा पेनड्राइव्हवर उतरवून संगणक त्यावरून सुरू करायचा, म्हणजे परीक्षा देण्याआधीच एक लिनक्स उठवावं लागतं. बाहेरून जोडलेला वेबकॅम लागतो, खोलीत दुसरं कोणी नको. तारीख घेण्याआधी परीक्षा नवव्या आवृत्तीवर आहे की दहाव्या, ते पाहून घ्या आणि सराव त्याच आवृत्तीवर करा. तीन तासांतली शेवटची वीस मिनिटं नव्या कामाला देऊ नका. तेव्हा परीक्षेतल्या सगळ्या मशीन स्वतःच रिबूट करायच्या आणि यादी पहिल्या कामापासून पुन्हा तपासायची. पत्ता आहे का, डिस्क जोडली गेली का, सेवा उठली का. एखादी अडकलीच, तर ती सोडवायला तेवढा वेळ पुरतो.