एकस्व आणि चमत्कारिक शोध : विद्यार्थ्याच्या मनातील दोन प्रश्न

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे खाम नदीच्या काठी पाणचक्की आहे. छावणीतील शाळांना ती सहलीसाठी सोयीची. दूरच्या उगमापासून मातीच्या नळांतून आणलेले पाणी तेथे उंच भिंतीत चढविलेले आहे. ते वरून कोसळले की त्याच्या जोराने खालचे चाक फिरे, चाकाबरोबर जात्याची तळी फिरे आणि दर्ग्यात उतरणाऱ्यांसाठी धान्य दळले जाई. बैल नाही, माणूस नाही, आणि दळण मात्र होत आहे, हे ऐकून मुलांना मोठे नवल वाटते. अशा वेळी एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "गुरुजी, ही युक्ती कोणाला सुचली? आणि ज्याला सुचली त्याला तिचा मोबदला मिळाला काय?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या पुस्तकात शोधता येते. दुसरा प्रश्न बहुधा हसण्यावारी नेला जातो. वस्तुतः तोच प्रश्न अधिक मोलाचा आहे. कारण कल्पनेवर कोणाचा हक्क असतो आणि तो किती काळ टिकतो, याचा सर्व विचार त्यात साठविलेला आहे. या हक्कास मराठीत 'एकस्व' म्हणतात. व्यवहारात 'पेटंट' हा शब्द रूढ आहे.

एकस्व म्हणजे काय?

एकस्व हा शोधक आणि समाज यांच्यामधील एक करार आहे, असे सांगितल्यास मुलांना ते चटकन उमजते. शोधकाने आपली युक्ती न लपविता, दुसऱ्या जाणकारास ती करून पाहता येईल इतक्या स्पष्टपणे लिहून द्यावयाची. त्याच्या बदल्यात शासन त्यास ठराविक मुदतीपर्यंत असा अधिकार देते की, त्याच्या अनुमतीवाचून इतर कोणी ती वस्तू व्यापारासाठी बनवू वा विकू नये. भारतात ही मुदत अर्ज केल्याच्या तारखेपासून २० वर्षांची आहे. मुदत संपली की ती युक्ती सर्वांची होते. हा हक्क ज्या देशाने दिला त्या देशापुरताच चालतो, हेही ध्यानात ठेवावे.

एकस्व मिळण्यास तीन कसोट्या आहेत. वस्तू अथवा रीत नवी असावी. ती त्या विषयाच्या जाणकारास सहज सुचण्यासारखी नसावी. आणि ती उद्योगधंद्यात उपयोगी पडावी. निसर्गनियमाच्या उघड विरुद्ध असलेल्या दाव्यास, म्हणजे इंधनाशिवाय अखंड चालणाऱ्या यंत्रासारख्या कल्पनेस, एकस्व मिळत नाही. गणिताची रीत, शेतीची पद्धत आणि परंपरेने चालत आलेले ज्ञान यांनाही कायद्याने वगळले आहे.

आपल्या देशातील आरंभ

हिंदुस्थानात शोधांच्या संरक्षणाचा पहिला कायदा १८५६ साली झाला. त्या कायद्याने शोधकास १४ वर्षांचा विशेषाधिकार मिळे. त्याच वर्षी कलकत्त्यातील जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग नावाच्या स्थापत्य अभियंत्याने पहिला अर्ज केला. तो आगगाडीचा किंवा तोफेचा नव्हता. तो होता पंखा ओढण्याच्या यंत्राचा! त्या काळी लष्करी छावण्यांतील बंगल्यांत आणि कचेऱ्यांत छतास टांगलेला कापडी पंखा दोरीने ओढण्यास माणूस बसवीत. उकाड्यात दिवसभर दोरी ओढणाऱ्या त्या माणसाचे काम यंत्राकडून करवून घ्यावे, ही ती कल्पना. आज ऐकताना ती गमतीची वाटते. परंतु विजेच्या पंख्याच्या आधीच्या काळात ती एका खऱ्या गरजेतून निघाली होती. स्वतंत्र भारताचा एकस्वाचा कायदा १९७० साली संमत झाला व १९७२ पासून अंमलात आला. त्यात पुढे वेळोवेळी सुधारणा झाल्या.

चमत्कारिक म्हणजे निरुपयोगी नव्हे

एकस्वांच्या दप्तरांत हसू येईल असे पुष्कळ काही सापडते. अब्राहम लिंकन यांनी १८४९ साली वाळूत रुतलेल्या नावा फुगणाऱ्या पिशव्यांच्या साहाय्याने वर उचलण्याच्या युक्तीचे एकस्व घेतले होते. ती युक्ती व्यवहारात कधी आली नाही. अमेरिकेतच २००२ साली एका पाच वर्षांच्या मुलाच्या नावे झोपाळ्यावर आडवे झोके घेण्याच्या रीतीचे एकस्व दिले गेले! फेरतपासणीनंतर ते रद्द झाले. कारण मुले तसे झोके पूर्वीपासून घेतच होती. या उदाहरणावरून 'नवेपणा' या कसोटीचा अर्थ कोणत्याही व्याख्येपेक्षा लवकर समजतो.

याच्या उलट उदाहरणही आहे. जॉर्ज दे मेस्त्राल हे स्विस अभियंते १९४१ साली रानातून फिरून आले, तेव्हा त्यांच्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना काटेरी फळे चिकटलेली होती. ती झटकून टाकण्याऐवजी त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्यांना बारीक आकडे दिसले. त्यावरूनच पुढे अनेक वर्षांच्या खटपटीनंतर आकड्यांची व फाशांची पट्टी तयार झाली व १९५५ साली तिचे एकस्व झाले. आज दप्तरावर व बुटांवर जी चिकटपट्टी मुले चरचर आवाज करीत उघडतात, ती हीच. गवताची कुसळे खेड्यातील प्रत्येक मुलाच्या कपड्यांना चिकटतात. उणीव कुसळांची नाही. ती निरखून पाहण्याच्या सवयीची आहे.

एक मराठी शोधक

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म १८६७ साली मुंबईस झाला. लहानपणापासून त्यांना यंत्रांचा नाद होता. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी घरीच दगडी कोळशापासून वायू तयार करण्याचे छोटे उपकरण केले होते, असे सांगतात. पुढे ते विलायतेस गेले. तेथे दादाभाई नौरोजी यांचे त्यांना साहाय्य झाले. भुकटीसारखे पदार्थ मोजून देणारे यंत्र, जाहिरातीचे दिवे, स्थानकाचे नाव दाखविणारे यंत्र अशा नाना गोष्टी त्यांनी योजिल्या. छापखान्याचे खिळे ओतण्याचे त्यांचे यंत्र 'भिसोटाइप' विशेष गाजले व सर रतन टाटा यांनी त्यासाठी भांडवलाचा आधार दिला. भिसे पुढे अमेरिकेत स्थायिक झाले व १९३५ साली न्यूयॉर्क येथे निवर्तले. 'हिंदी एडिसन' म्हणून ज्यांचा गौरव झाला, त्यांचे नाव आज महाराष्ट्रातील किती मुलांना ठाऊक आहे? एकस्व शोधकाचा हक्क काही वर्षे राखते. त्याची स्मृती राखणे हे शाळेचे काम आहे.

न लिहिलेल्या ज्ञानाची किंमत

१९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणाबद्दल एकस्व देण्यात आले. जे आपल्या प्रत्येक आजीबाईस ठाऊक, तेच नवे म्हणून नोंदले गेले! वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास हरकत घेतली. त्या वेळी परिषदेचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर होते. गोव्यातील माशेल गावी जन्मलेले माशेलकर मुंबईत हलाखीत, नगरपालिकेच्या शाळेत शिकले होते. हळद आपणांस पूर्वीपासून ठाऊक आहे, एवढे तोंडी सांगून भागणारे नव्हते; जुने ग्रंथ आणि छापील लेख पुराव्यादाखल मांडावे लागले. १९९७ साली ते एकस्व रद्द झाले.

याच संदर्भात चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या खेड्याचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांचे नाव घ्यावे. त्यांचे शिक्षण इयत्ता तिसरीपर्यंत. १९८३ साली आपल्या भाताच्या शेतात काही निराळ्या लोंब्या त्यांना दिसल्या. त्यांनी ते बी वेगळे राखले, वर्षानुवर्षे निवडून वाढविले आणि त्यातून बारीक दाण्याचे उत्तम वाण निघाले. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाच्या नावावरून लोक त्यास 'एचएमटी' म्हणू लागले. वाण दूरवर पसरले. परंतु त्याचा आर्थिक लाभ दादाजींच्या पदरी फारसा पडला नाही. पिकांच्या वाणांसाठी आणि शेतकऱ्यांच्या हक्कांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा झाला तो २००१ साली. २०१८ मध्ये दादाजींचे निधन झाले.

वर्गात काय करता येईल?

प्रथम, प्रत्येक विद्यार्थ्याने एक 'युक्तीवही' ठेवावी. घरात, शेतात वा रस्त्यावर दिसलेली अडचण, तिच्यावर सुचलेला उपाय, तारीख आणि साधी आकृती एवढे तीत असावे. दुसरे, गावातील सुतार, लोहार व शेतकरी यांनी केलेल्या लहानसहान सुधारणा मुलांनी विचारून लिहून आणाव्यात. तिसरे, एखादे उपकरण खरोखर नवे वाटल्यास प्रदर्शनात मांडण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घ्यावा. कारण अर्जाआधी युक्ती उघड झाल्यास सर्वसाधारणपणे तिचा नवेपणा संपतो. आणि चौथे, विचित्र कल्पना मांडणाऱ्या मुलास वर्गाने हसू नये, याची दक्षता शिक्षकाने घ्यावी. त्यास, "हे यापूर्वी कोणी केले आहे काय? ते चालेल कसे? त्याचा उपयोग कोणास होईल?" असे विचारावे. एकस्वाच्या कचेरीतही याहून फारसे वेगळे विचारीत नाहीत.

पाणचक्कीची योजना करणाऱ्या कारागिरास मोबदला काय मिळाला, हे आज सांगता येत नाही. परंतु तो प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीत त्याची स्वतःची पहिली युक्ती तारखेसह लिहिली गेली, तर सहलीचे सार्थक झाले असे समजावे.