विश्लेषण : बर्फात भूक का मरते? उंचीवरच्या शिदोरीचे गणित

डिसेंबर उजाडला की सातारा, कराड, सांगली, मिरजेतून पाठीवर सॅक अडकवलेली मुले-मुली केदारकंठासारख्या बर्फाळ ट्रेकसाठी उत्तराखंडची गाडी पकडतात. एप्रिल-मेमध्ये एव्हरेस्ट बेस कॅम्पची वाट धरणारे वेगळे. बूट, जॅकेट, हातमोजे यांवर महिनाभर चर्चा रंगते. खाण्याचा विषय मात्र ‘आईने चिवडा-लाडू दिलेत’ इथे संपतो. प्रत्यक्षात बर्फात खाणे कमी पडल्याने फारसे कोणी अडत नाही. डबा भरलेला असतो आणि घास उतरत नाही, अडचण ती असते.

सह्याद्रीतला सराव पुरतो का?

साताऱ्याला बर्फाच्या डोंगरांचे वावडे नाही. साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांनी २०१३ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी एव्हरेस्ट सर केले. पुढे ल्होत्से (२०१८), मकालू (२०१९), अन्नपूर्णा (२०२१) आणि ५ मे २०२२ रोजी कांचनजुंगा गाठून आठ हजार मीटरहून उंच पाच शिखरे सर करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. अपशिंगे गावाच्या नावापुढे तर ‘मिलिटरी’ लागते. जिल्ह्यातल्या अनेक घरांत लडाख, सियाचिन ही नावे नकाशातली नसून पोराच्या पत्रातली आणि फोनवरची आहेत.

तरीही अजिंक्यतारा रोज चढणाऱ्याने किंवा दर रविवारी एक किल्ला करणाऱ्याने गाफील राहू नये. सह्याद्री पाय आणि दम तयार करतो, उंचीची सवय देत नाही. सांगली साधारण ५५० मीटरवर, सातारा ७०० मीटरच्या आसपास, महाबळेश्वर १,४०० आणि राज्यातले सर्वांत उंच कळसूबाई १,६४६ मीटर. केदारकंठा ३,८०० मीटर आहे, एव्हरेस्ट बेस कॅम्प ५,३६४. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. म्हणजे एका श्वासात मिळणारा प्राणवायूही निम्मा.

भूक जाते कुठे?

थंडीने भूक वाढते, हा घरचा अनुभव. महाबळेश्वरला गेल्यावर तो खराही ठरतो. तीन-साडेतीन हजार मीटरच्या वर मात्र उलटे होऊ लागते.

दोष थंडीचा की विरळ हवेचा, याचा उलगडा १९८५ मध्ये अमेरिकेत झालेल्या ‘ऑपरेशन एव्हरेस्ट २’ या प्रयोगात झाला. काही निरोगी तरुणांना ४० दिवस एका बंद कक्षात ठेवले आणि आतील हवेचा दाब हळूहळू एव्हरेस्टच्या माथ्यावर असतो तितका उतरवत नेला. कक्ष उबदार होता, चढण नव्हती, जेवण चविष्ट आणि हवे तितके. तरीही सुरुवातीला दिवसाला सरासरी ३,१३६ कॅलरी खाणारे हे तरुण शेवटी १,७८९ वर आले आणि सरासरी ७.४ किलोने उतरले. बर्फ नसतानाही भूक मेली. प्राणवायू कमी झाला की भुकेचे संकेत देणाऱ्या संप्रेरकांचे गणित बदलते, पचन मंदावते, मळमळ होते.

गरज मात्र उलट दिशेने वाढलेली असते. एरवी दोन-अडीच हजार कॅलरींवर भागणाऱ्या माणसाला ओझे घेऊन बर्फात दिवसभर चालताना साडेतीन ते साडेचार हजार लागू शकतात. ही तफावत शरीर आधी चरबीतून आणि मग स्नायूंतून भरून काढते. चार दिवसांच्या ट्रेकमध्ये ते खपून जाते, महिनाभराच्या वाटचालीत पाय बोलू लागतात.

शेंगदाणा की बेदाणा?

इथे सातारा आणि सांगलीची वाटणी मोठी गमतीची आहे. साताऱ्याच्या खरिपातला शेंगदाणा १०० ग्रॅममागे सुमारे ५६० कॅलरी देतो, तूप तर ९००. सांगली-तासगावचा बेदाणा साधारण ३०० आणि गूळ ३८०. वजनाचा विचार केला तर शेंगदाणाच जिंकतो. दिवसाला ८०० ग्रॅम कोरडा शिधा धरला तरी दहा दिवसांचे आठ किलो होतात, आणि ते स्वतःच्या पाठीवर असतात.

म्हणूनच मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणाऱ्या अमेरिकेतल्या सुमारे ४,२६५ किलोमीटरच्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर लोक वाटेतल्या गावांत शिध्याची खोकी आधीच पोस्टाने पाठवून ठेवतात. बचेंद्री पाल यांच्या नेतृत्वाखाली पन्नाशी ओलांडलेल्या महिलांनी २०२२ मध्ये अरुणाचल ते लडाख हे साडेचार हजारांहून अधिक किलोमीटरचे अंतर सुमारे पाच महिन्यांत पायी कापले. इतक्या लांबच्या वाटेवर पिशवीतला प्रत्येक ग्रॅम मोजावा लागतो.

पण उंची वाढली की बेदाणा पुढे सरकतो. तेवढ्याच प्राणवायूत पिष्टमय आणि गोड पदार्थांतून चरबीपेक्षा थोडी जास्त ऊर्जा मिळते. तेलकट, तुपकट पदार्थ वर नकोसेही वाटतात. त्यामुळे खालच्या टप्प्यात शेंगदाणा लाडू, चटणी-भाकरी, तूप-खिचडी. वर मऊ भात, पोहे, गूळ, बेदाणे, गोड चहा असा क्रम शहाणपणाचा. तिळगूळ भरलेली गुळपोळी दोन्हीकडे चालते. ती टिकते, मोडली तरी बिघडत नाही. सोलापूर-जत पट्ट्यातली कडक भाकरीही पाण्याचा अंश नसल्याने हलकी आणि टिकाऊ.

चिक्की मात्र थंडीत दगड होते. घरूनच बारीक तुकडे करून न्यावेत, नाहीतर दात जायचा. कंदी पेढ्याचेही तेच. असे पदार्थ सॅकमध्ये न ठेवता जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवावेत आणि दर तासाला दोन घास खावेत. जेवणाच्या वेळेची वाट पाहू नये, कारण तोवर इच्छा उडालेली असते. चतुर्थी किंवा गुरुवारचा उपवास वरही पाळणारे असतात. साबुदाणा, राजगिरा लाडू खाऊन तो पाळता येतो, निर्जळी मात्र अजिबात नको.

डाळ का शिजत नाही?

साधारण दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो. पाच हजार मीटरवर पाणी ८३-८४ अंशांनाच उकळते. खळखळाट दिसतो, तूरडाळ मात्र तासाभरानेही तशीच. कुकर नसेल तर मूगडाळ, शेवया, भाजलेला रवा हेच खरे सोबती.

पाण्याचे तर मोठेच काम. ताजा भुसभुशीत बर्फ वितळला की आठ-दहा पातेल्यांचे जेमतेम एक पातेले होते, म्हणजे इंधनही तितकेच जळते. तो टाळण्यासाठी बर्फच चघळणे महागात पडते. एक किलो बर्फ वितळवून शरीराच्या तापमानाला आणायला शंभरहून अधिक कॅलरी खर्च होतात, म्हणजे मूठभर शेंगदाणे वाया. कोरड्या हवेत धापा टाकताना श्वासावाटे पाणी जात राहते आणि तहान लागत नाही. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडले, हे समजावे. रात्री बाटली उलटी ठेवावी. पाणी वरून गोठते, बुचाकडचे मोकळे राहते. ‘उबेसाठी’ रम घेण्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि असलेली ऊबही जाते.

कधी मागे फिरावे?

न जेवणारा साथीदार ‘नखरे करतो’ म्हणून चेष्टेचा विषय होतो. ही चेष्टा धोक्याची आहे. अन्नावरची वासना उडणे हे विरळ हवेच्या आजाराचे लक्षणही असू शकते. त्याबरोबर डोकेदुखी, उलटी, चक्कर असेल तर त्या दिवशी पुढे चढायचे नाही. चालताना झोक जात असेल, बोलणे असंबद्ध होत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर रात्र असली तरी सोबत घेऊन खाली उतरवायचे. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा वैद्यकीय संकेत आहे. औषध डॉक्टरांना विचारूनच, तेही निघण्यापूर्वी.

खाली उतरल्यावर एक-दोन दिवसांत भूक परत येते, आणि येते ती सव्याज. मग ढाब्यावर पराठे मोजले जात नाहीत. गेलेली चरबी आठवड्या-पंधरवड्यात भरते. स्नायू परत यायला मात्र महिना-दोन महिने जातात.