रक्तातील रेणू आणि विमानातील हवा : लेखांक पाचवा

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, त्या सुमारास आणि त्यानंतर नागपूर, भंडारा, चांदा या जिल्ह्यांतून जी मराठी कुटुंबे रोजगारासाठी येथे येऊन कॅम्प-१ सारख्या वस्त्यांतून स्थिरावली, त्यांची नातवंडे आज शिक्षणासाठी व नोकरीसाठी रायपूरच्या माना विमानतळावरून दूरदूर ये-जा करतात. आणि १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाच्या तपासणीत ज्यांच्या कार्डावर ‘एएस’ (वाहक) किंवा ‘एसएस’ (रुग्ण) अशी नोंद झाली, त्यांच्या घरी ‘आता विमानात बसावे की बसू नये’ हा प्रश्न हमखास उपस्थित होतो. त्याचे उत्तर देणे हाच या लेखांकाचा हेतू आहे.

हा विकार या इलाख्यात नवा नव्हे. १९५६ पर्यंत छत्तीसगड आणि विदर्भ यांचे दप्तर नागपुरास एकच होते, आणि पुढे प्रांतांच्या सीमा बदलल्या तरी रक्ताचा वारसा त्या सीमांनी विभागला गेला नाही. मध्य भारतातील सिकलसेलविषयी शुक्ल व सोळंकी यांचे टिपण १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले; अलीकडे छत्तीसगडात झालेल्या विस्तृत पाहणीत शंभरामागे नऊंहून किंचित अधिक लोक वाहक आढळले.

या विकाराचे मूळ किती सूक्ष्म आहे, हे ध्यानी घेतल्यावाचून विमानाचा प्रश्न उलगडत नाही. लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये यास रेणूचा रोग म्हटले, आणि थोड्याच वर्षांत व्हर्नन इन्ग्रम यांनी दाखवून दिले की हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, एवढाच काय तो भेद. प्राणवायू सोडून दिल्यावर हे व्हॅलीन शेजारच्या रेणूतील एका जलविरोधी खोबणीत जाऊन बसते, रेणूला रेणू जडत जाऊन चौदा पदरांचे ताठर तंतू बनतात, आणि मऊ, गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. परंतु हे तत्क्षणी घडत नाही, आणि माझ्या मते या साऱ्या शास्त्रातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. विरजण लावलेले दूध बराच काळ पातळच राहावे आणि मग थोडक्या अवधीत सारेच दही लागावे, तसा येथेही एक विलंबकाळ असतो. आणि तो पेशीतील विकृत हिमोग्लोबिनच्या प्रमाणावर इतका विलक्षण अवलंबून असतो की ते प्रमाण थोडे उतरले तरी विलंब अनेक पटींनी लांबतो. केशवाहिनी ओलांडण्यास पेशीला सुमारे एक सेकंद लागतो. तेवढ्यात तंतू बनले नाहीत, तर ती फुप्फुसात सुखरूप परतते आणि प्राणवायू मिळताच धोका टळतो.

आता विमानाकडे वळू. पस्तीस हजार फुटांवर बाहेरील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या चतुर्थांशाहूनही कमी असतो; म्हणून आत दाब भरून तो आठ हजार फुटांवरील हवेइतका तरी राखण्याचा शिरस्ता आहे. बोइंग ७८७ सारख्या विमानांत तो सहा हजार फुटांइतका असतो. आठ हजार फुटांच्या हिशेबाने श्वासातील प्राणवायू सुमारे पाव हिश्श्याने घटतो. ‘एएस’ वाहकाच्या पेशीत विकृत हिमोग्लोबिन निम्म्याहून कमी असल्यामुळे एवढ्या घटीने विलंबकाळ धोक्याच्या मर्यादेत येत नाही. सबब वाहकाने सामान्य प्रवासी विमानास भिण्याचे कारण नाही, हे मी निःसंदिग्धपणे सांगतो.

‘एसएस’ रुग्णाची गोष्ट निराळी. मध्य भारतात आढळणाऱ्या अरब-भारतीय प्रकारात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुष्कळदा अधिक प्रमाणात टिकून राहते आणि ते तंतूंच्या वाढीस अडथळा करते, हे खरे. पण तेवढ्यावरून प्रत्येक रुग्णाचा आजार सौम्यच आहे असे गृहीत धरणे घातक ठरेल. वेदनेचा झटका येऊन गेल्यावर निदान दहा दिवस विमानप्रवास करू नये, प्राणवायूची तजवीज डॉक्टरांच्या पत्रानिशी कंपनीकडे आगाऊ करून घ्यावी, विमानातील हवा अत्यंत कोरडी असल्यामुळे पाणी वारंवार प्यावे, अंगावर उबदार वस्त्र असावे आणि अधूनमधून उठून पाय मोकळे करावेत.

मात्र एका ठिकाणी वाहकानेही सावध असले पाहिजे, आणि ते ठिकाण विमानात नाही. लेहचा विमानतळ १०,६८२ फुटांवर आहे. म्हणजे तेथे उतरणारा माणूस विमानातल्यापेक्षा विरळ हवेत पाऊल टाकतो. अशा उंचीवर वाहकांच्या प्लीहेचा रक्तपुरवठा खंडित होऊन तिचा काही भाग मृत झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहेत, आणि त्यांत लष्करातील जवानांचीही आहेत. तेथे पोहोचल्यावर पोटात डाव्या बाजूस वर दुखू लागले, तर डॉक्टरांना आपले ‘एएस’ असणे सर्वप्रथम सांगावे. अनेक वाहकांना हे ठाऊकच नसते, याची मला फार खंत वाटते.

विमानाचा आणि या रेणूचा संबंध आता आणखी एका वाटेने जुळू लागला आहे. २०२३ च्या अखेरीस प्रथम ब्रिटनने आणि मग अमेरिकेने मान्यता दिलेल्या क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या उपचारात रुग्णाच्या मूळपेशी काढून दूरच्या प्रयोगशाळेत धाडल्या जातात, तेथे बीसीएल-११-ए या जनुकाच्या नियंत्रक भागाला छेद देऊन गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा जागे केले जाते, आणि गोठविलेल्या पेशी द्रवरूप नायट्रोजनच्या बाष्पात ठेवून परत आणल्या जातात. अमेरिकेत या उपचाराची किंमत बावीस लाख डॉलर आहे. दुर्ग जिल्ह्यातील कामगाराच्या घरी तिचा उच्चार करणेही क्रूरपणाचे वाटते. म्हणूनच दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने स्वतः विकसित केलेले ‘बिरसा १०१’ हे क्रिस्पर तंत्र नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपविण्यात आले, ही वार्ता महत्त्वाची आहे. संपादित पेशी परत शरीरात घालण्यापूर्वी तीव्र औषधांनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. हा टप्पा रुग्णास सर्वांत कष्टाचा असतो, आणि त्याचा विचार पुढील सप्ताही.