खोडवा आपोआप येत नाही : मुलांची उभारी आणि शिक्षक

कळसमध्ये येऊन उसाबद्दल मी बोलावं हे जरा धाडसच आहे, पण विषय तिथूनच सुरू होतो. ऊस तुटून गेला की बुडख्यांतून पुन्हा फुटवे येतात, खोडवा उभा राहतो. पण आपोआप नाही. बुडखे जमिनीलगत छाटावे लागतात, खत-पाणी द्यावं लागतं. मुलांचंही तसंच. उभारी म्हणजे धक्का बसल्यावर पुन्हा सावरण्याची ताकद. आपण मुलाला "खंबीर हो" म्हणतो आणि खत-पाणी विसरतो.

हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांसोबत चाळिशीपर्यंत घेतला. गरिबी, घरातली भांडणं, पालकांचं आजारपण असं बरंच काही एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं मोठेपणी नीट उभी राहिली. त्यांच्या आयुष्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, भरवशाचं निदान एक मोठं माणूस. कधी आजी, कधी शेजारी, कधी शिक्षक.

आता आपल्याकडे बघा. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड टोळ्या येतात. त्यांच्यातल्या मुलाची शाळा सुटलेली असते, मित्र सुटलेले असतात आणि हंगाम संपला की इथलंही सगळं सुटणार असतं. "चार महिन्यांचा पाहुणा" म्हणून त्याला मागच्या बाकावर बसवलं, तर तो मनानेही मागेच बसतो.

मग करायचं काय? पहिल्या दिवसापासून त्याला नावाने हाक मारा. एक खरं काम सोपवा, पुस्तकपेटी सांभाळणं का असेना. वजाबाकी चुकली तर कुठपर्यंत बरोबर आली ते आधी दाखवा, मग हातचा कुठे चुकला ते. आणि तो निघेल तेव्हा त्याची वही सोबत द्या, गावाकडच्या गुरुजींना एक फोन करा.

एक सावधगिरी मात्र हवी. उपाशी मुलाला उभारीचे धडे देऊ नका, आधी जेवण. मूल मार खात असेल किंवा शाळेऐवजी फडात राबत असेल, तर ते त्याने सोसायचं नाही, आपण थांबवायचं. मुख्याध्यापकांशी बोला, १०९८ वर फोन करा.

सगळं आपल्या हातात नाही, हे खरंय. पण ते एक भरवशाचं माणूस होणं आहे.